यंत्राची रोजकीर्द आणि तिच्यातील गोंगाट

दीपावलीच्या मुहूर्तावर, भगवान महावीरांच्या निर्वाणकल्याणकाचे स्मरण करून, आपण नव्या वहीचे पूजन करतो. पहिल्या पानावर स्वस्तिक रेखतो, ‘शुभ-लाभ’ लिहितो आणि वर्षभर या वहीत खोटे अक्षर पडू देणार नाही, असा मनोमन संकल्प करतो. श्रावकाच्या सत्याणुव्रतास ज्या गोष्टींनी बाध येतो त्यांत ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटे लेख करणे, हिची गणना शास्त्रकारांनी केलेली आहे, हे आपणां सर्वांस विदितच आहे. परंतु वहीचा आणखी एक दोष असा आहे की, त्याची चर्चा फारशी होत नाही. वहीतील प्रत्येक ओळ खरी असावी, आणि तरीही ती वही निरुपयोगी ठरावी, हा तो दोष होय. खऱ्या ओळी इतक्या असाव्यात की कामाची ओळ त्यांत सापडूच नये! असे आमच्या पेढीत घडले, आणि त्यातून आम्ही जे शिकलो ते व्यापारी बंधूंपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ही वही कोणती?

आज आपल्यापैकी अनेकांच्या पेढीची मागणी संकेतस्थळावर किंवा वेब-ॲपवर येते. खानापूर, अळणावर, रामनगर, कॅसलरॉक येथील किरकोळ दुकानदार रात्री दुकान बंद केल्यावर आपली यादी भरतो, रक्कम पाठवितो व निर्धास्त झोपतो. हे सर्व चालू असताना सर्व्हर स्वतःसाठी एक वही लिहीत असतो. कोण आले, काय मागितले, काय उत्तर दिले, कोठे अडखळले, हे सारे तो वेळेसह टिपून ठेवतो. या वहीस ‘लॉग’ असे म्हणतात. दिवाणजींची कच्ची वही आणि सर्व्हरचा लॉग यांचा धर्म एकच. भेद इतकाच की दिवाणजींस लिहिण्याचे श्रम पडतात म्हणून ते विचार करून लिहितात, यंत्रास श्रम पडत नाहीत म्हणून ते विचार न करता लिहिते. दुकानात डोकावून भाव विचारून गेलेल्या प्रत्येक माणसाची नोंद कोणता दिवाणजी रोजकिर्दीत करील? यंत्र मात्र करते.

आमच्यावर आलेला प्रसंग

काही वर्षांपूर्वीच्या दीपावलीच्या आधीचा आठवडा होता. ग्राहकाने रक्कम भरली की पेमेंट-सेवेकडून आमच्या ॲपकडे तशी पोच येते, आणि ती पोच खरी आहे हे तिच्यावरील गुप्त सहीवरून पडताळले जाते. ही सही पडताळण्याची किल्ली आम्ही नियमाप्रमाणे बदलली. आमचे सर्व्हर दोन. एकावर नवी किल्ली घातली, दुसऱ्यावर घालावयाची राहिली. चूक सर्वस्वी आमची.

परिणाम असा झाला की, जी पोच पहिल्या सर्व्हरवर गेली ती मान्य झाली, व जी दुसऱ्यावर गेली ती अमान्य झाली. त्यात आणखी एक उणीव होती. पोच नाकारूनही आमचे ॲप समोरच्यास ‘मिळाली’ असेच उत्तर देई. त्यामुळे ती पुन्हा पाठविली जात नसे. निम्म्या मागण्या सुरळीत जात असल्याने कोणास संशय आला नाही. तिसऱ्या दिवशी एका वृद्ध दुकानदारांचा दूरध्वनी आला : “शेटजी, पैसे तर तुमच्याकडे पोहोचले, माल कुठे आहे? परवा पाडवा आहे.” तेव्हा शोध सुरू झाला. त्यांचा माल खास गाडी करून पाठविला. काहींचा माल मात्र सण उलटल्यावर पोहोचला. रक्कम कोणाचीही बुडाली नाही, परंतु पेढीच्या पतेला जो डाग लागला त्याची नोंद कोणत्या खात्यात करावी?

आणि खेदाची गोष्ट ही की, यंत्राने काहीच लपविले नव्हते. पहिली पोच नाकारली त्याच क्षणी त्याने ते लिहून ठेवले होते. आम्ही ते वाचले नाही. कारण वाचता येण्याजोगे ते राहिलेच नव्हते.

एका दिवसाची तेरीज

पुढे आम्ही त्यातील पहिल्या दिवसाचा लॉग घेऊन, खतावणी करावी त्याप्रमाणे, एकेका प्रकारच्या ओळी वेगळ्या काढल्या.

पहिले खाते ‘तू जिवंत आहेस ना?’ या विचारणेचे. देखरेख करणारे यंत्र दर १० सेकंदांनी प्रत्येक सर्व्हरला हा प्रश्न विचारते. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे एका सर्व्हरच्या ८,६४० व दोहोंच्या मिळून १७,२८० ओळी. प्रत्येकीत मजकूर एकच : ‘ठीक आहे’.

दुसरे खाते पानांचे. त्या दिवशी ग्राहकांनी ६०० पाने उघडली. प्रत्येक पानाबरोबर चित्रे, अक्षरवळण, सजावटीच्या फायली असे सुमारे ४० तुकडे जातात, आणि प्रत्येक तुकड्याची ओळ वेगळी. एकूण २४,६००.

तिसरे खाते मागण्यांचे. १२० मागण्या आल्या. प्रत्येक मागणी नोंदविताना ॲपने ‘आता हे केले, आता ते केले’ अशा सुमारे २५ ओळी लिहिल्या. त्या ३,०००. ॲप रचताना तपासणीसाठी घातलेल्या या ओळी पुढे काढावयाच्या राहून गेल्या होत्या.

चौथे खाते एकाच इशाऱ्याच्या पुनरुक्तीचे. ‘ही जुनी पद्धत पुढे बंद होणार आहे’ या अर्थाचे चार इशारे प्रत्येक पानागणिक उमटत होते; ते २,४००.

पाचवे खाते भटक्या यंत्रांचे. जगभर हिंडून, कोणाचे दार उघडे आहे काय हे चाचपणारे हे बॉट आमच्याकडे नसलेली पाने मागत होते. वर्डप्रेस आम्ही वापरत नाही, तरी त्याचे प्रवेशपान शेकडो वेळा मागितले गेले. त्या ५,७२० ओळी.

बेरीज ५३,०००. आणि त्यांत विखुरलेल्या, पोच नाकारल्याच्या ओळी ३१. सुमारे सतराशे ओळींमागे एक! त्याही ‘माहिती’ या साध्या दर्जाच्या, म्हणजे ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्या ओळींच्याच पंक्तीत बसविलेल्या.

लोंढ्याच्या स्थानकाचा धडा

आपले लोंढे जंक्शन आहे. मिरज-बेळगावकडून येणारा मार्ग आणि हुबळी-धारवाडकडून येणारा मार्ग येथे मिळतात व पुढे कॅसलरॉकवरून घाट उतरून गोव्यास जातात. रेल्वेच्या ब्लॉक यंत्रांच्या पद्धतीत दोन स्थानके एकमेकांशी घंटेच्या ठोक्यांनी बोलतात. एक ठोका म्हणजे ‘लक्ष द्या’. दोन म्हणजे ‘मार्ग मोकळा आहे काय?’ तीन म्हणजे गाडी निघून ब्लॉक विभागात शिरली. चार म्हणजे ती विभागातून बाहेर पडली. सहा ठोके म्हणजे अडथळा, धोका. घंटा एकच, परंतु ठोक्यांची भाषा ठरलेली असल्याने स्टेशनमास्तरांस क्षणभरही संभ्रम पडत नाही. समजा, प्रत्येक गोष्टीला सहाच ठोके वाजू लागले, किंवा धोक्यालाही एकच ठोका वाजू लागला, तर काय होईल? आमच्या लॉगमध्ये नेमके हेच झाले होते.

संगणकाच्या जगातही अशी ठोक्यांची भाषा पूर्वीच ठरलेली आहे. १९८० नंतरच्या दशकात एरिक ऑलमन यांनी अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात ‘सिसलॉग’ ही नोंदपद्धती सिद्ध केली. तिच्या २००९ च्या प्रमाणित स्वरूपात तीव्रतेच्या आठ पायऱ्या आहेत : शून्य ही सर्वांत गंभीर, म्हणजे यंत्रणाच निकामी, सात ही सर्वांत क्षुल्लक, म्हणजे रचनाकाराच्या तपासणीची टिपणे. मधल्या पायऱ्यांवर तातडीची कृती, बिकट स्थिती, दोष, इशारा, लक्षणीय गोष्ट व साधी माहिती येतात. पायऱ्या तयार आहेत. विवेक करून त्या वापरणे एवढेच आपल्या हाती आहे.

आस्रव, संवर, निर्जरा

उपाय शोधताना आम्हांस आपल्याच तत्त्वविचाराचा आधार सापडला. कर्म आत येते तो आस्रव. येणे थांबविणे हा संवर. आलेले झडून जाणे ही निर्जरा. शास्त्रातील अर्थ अर्थातच आत्म्याविषयीचा आहे, आणि त्याची यंत्राशी बरोबरी करण्याचा अविनय आम्ही करीत नाही. परंतु साचलेल्या पसाऱ्याशी कसे वागावे, याचा क्रम मात्र त्यातून उत्तम कळतो. नाव भरू लागली तर आधी छिद्र बुजवावे, मग पाणी उपसावे. बहुतेक जण मोठी तबकडी विकत घेऊन पाणी साठवीत बसतात.

ओळी कोठून येतात, म्हणजे आस्रव कोणता, हे वरील तेरजेने कळले. आता संवर. आम्ही पुढील सहा नियम ठरविले.

पहिला : जिवंतपणाच्या विचारणेची ओळ लिहू नये, स्थिती बदलली तरच लिहावी. ‘ठीक’ असलेला सर्व्हर ‘नाठीक’ झाला ही बातमी. ‘ठीक’ तो ‘ठीक’च आहे ही बातमी नव्हे. मात्र येथे एक सावधगिरी हवी. मौनाचे दोन अर्थ होतात : सर्व कुशल आहे, किंवा लिहिणाराच बेशुद्ध आहे. म्हणून प्रत्येक सर्व्हरने तासातून एकदा ‘इतक्या विचारणा झाल्या, सर्व ठीक’ अशी एक सारांश-ओळ लिहावी. ती आली नाही तर तोच इशारा समजावा.

दुसरा : एका मागणीची एकच भरगच्च ओळ असावी. पंचवीस तुटक ओळींऐवजी काम संपताच एक ओळ लिहावी, व तिच्यात वेळ, मागणीचा क्रमांक, कोणता सर्व्हर, किती वेळ लागला, रकमेची पोच मान्य की अमान्य, असे रकाने ठरलेल्या क्रमाने असावेत. रोजकिर्दीत तारीख, तपशील, जमा, नावे हे रकाने असतात म्हणूनच खतावणी होते. मोकळ्या वाक्यांची खतावणी होत नाही. ‘कोणता सर्व्हर’ हा रकाना आमच्याकडे असता, तर सर्व दोष एकाच यंत्रावरचे आहेत हे पाच मिनिटांत दिसले असते.

तिसरा : प्रत्येक मागणीस आरंभीच एक क्रमांक द्यावा आणि ती जेथे जेथे जाईल तेथे तो क्रमांक बरोबर जावा. रेल्वेने माल पाठविताना पावतीचा क्रमांक शेवटपर्यंत पिच्छा सोडत नाही, तसे हे आहे.

चौथा : एक दोष एकदाच लिहावा. आतल्या थराने दोष पाहून लिहिला, मधल्याने पुन्हा लिहिला, बाहेरच्याने तिसऱ्यांदा लिहिला, म्हणजे एका तोट्याचे तीन तोटे दिसतात. जो थर दोषाचा निकाल लावतो त्यानेच लिहावे. बाकीच्यांनी तो केवळ वर सोपवावा. त्याचप्रमाणे तोच इशारा वारंवार आल्यास तो एकदा लिहून पुढे ‘इतक्या वेळा’ असा आकडा द्यावा.

पाचवा : दर्जा देताना ‘हे कोणाचे काम आहे?’ असा प्रश्न विचारावा. ग्राहकाने परवलीचा शब्द चुकविला, हा सर्व्हरचा दोष नव्हे. ती साधी माहिती. पण एकाच ठिकाणाहून दहा मिनिटांत दोनशे वेळा शब्द चुकला तर तो इशारा. आणि पैसे पोहोचले पण मागणी पुढे सरकली नाही, तर तो निःसंशय दोष, जरी यंत्राच्या दृष्टीने काहीच मोडलेले नसले तरी. दर्जा हा व्यापाराने ठरवावा, रचनाकाराच्या सवयीने नव्हे.

सहावा : तपासणीची टिपणे एरवी बंद ठेवावीत, पण हवी तेव्हा एका ग्राहकापुरती किंवा दहा मिनिटांपुरती चालू करता यावीत. दिवा विझवून ठेवावा; फोडून टाकू नये.

ज्यांच्याकडे मागण्या लाखांच्या घरात आहेत, त्यांनी यशस्वी मागण्यांपैकी शंभरांत एक नमुन्यादाखल ठेवली तरी चालते. परंतु दोषाची ओळ एकही गाळू नये, आणि ठेवलेल्या प्रत्येक ओळीवर ‘ही शंभरांतील एक’ असे लिहावे. नाहीतर पुढे बेरीज चुकते. आमच्यासारख्या लहान पेढीस याची गरज नाही.

या नियमांनंतर रोजच्या वाचनाची वही अशी झाली : जिवंतपणाच्या ४८, पानांच्या ६००, मागण्यांच्या १२०, इशाऱ्यांच्या ४, भटक्या यंत्रांच्या तासागणिक सारांशाच्या २४. एकूण ७९६. दोषाच्या ३१ ओळी आज आल्या तर त्या या आठशेंत डोळ्यांत भरल्यावाचून राहणार नाहीत.

काय टाकू नये

उत्साहाच्या भरात कामाचे तेही फेकले जाण्याचा धोका असतो. २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने काढलेल्या निर्देशांप्रमाणे सेवादाते, मध्यस्थ, डेटा-केंद्रे, व्यापारी संस्था व शासकीय कार्यालये यांनी आपल्या संगणक-यंत्रणांचे लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवावयाचे आहेत, आणि निर्दिष्ट प्रकारची सायबर-घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिची खबर द्यावयाची आहे. यास्तव आम्ही दोन वह्या केल्या. एक रोज वाचावयाची, आठशे ओळींची. दुसरी कोठारातली : कोण कोठून आले, काय मागितले याच्या संपूर्ण ओळी, भटक्या यंत्रांसह, रोज दाबून व शिक्का लावून ठेवलेल्या. असा मजकूर दाबला असता बहुधा मूळच्या लहानशा अंशात मावतो, म्हणून जागेचा भार होत नाही. भटका आज उपद्रव वाटतो. उद्या घरफोडी झाली तर त्याचीच पावले शोधावी लागतात.

त्याचप्रमाणे हिशेबाच्या आज्ञावलीतील फेरफारांची नोंद ही गोंगाट नव्हे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांस अशीच हिशेब-आज्ञावली वापरणे बंधनकारक आहे की जिच्यात प्रत्येक बदलाचा माग तारखेसह राहतो व तो बंद करता येत नाही. भागीदारीच्या व घरगुती पेढ्यांस हा नियम लागू नसला, तरी खोडलेला आकडा वाचता यावा अशाच रीतीने खोडावा, हे आपल्या वडिलांनी आपल्याला शिकविलेलेच आहे.

निर्जरेचा नियमही ठरवून ठेवावा. वाचनाची वही रोज बदलावी, कोठाराची मुदत संपताच ती काढून टाकावी, आणि हे काम यंत्रावर सोपवावे. तबकडी लॉगने भरली की चालते ॲपही बंद पडते. वही लिहिता लिहिता दुकानच बंद, असा तो प्रकार होतो.

वहीत काय लिहूच नये

परवलीचा शब्द, कार्डाचा क्रमांक, ओटीपी या गोष्टी लॉगमध्ये कधीही येता कामा नयेत. मे २०१८ मध्ये ट्विटर या बलाढ्य कंपनीस असे जाहीर करावे लागले की, एका चुकीमुळे वापरकर्त्यांचे परवलीचे शब्द अंतर्गत लॉगमध्ये उघड्या अक्षरांत लिहिले जात होते. आणि आपल्या सुमारे ३३ कोटी वापरकर्त्यांस शब्द बदलण्याचा विचार करण्यास तिला सांगावे लागले. ग्राहकाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वहीत मांडून ठेवणे म्हणजे ठेव उघड्यावर ठेवणे होय. अपरिग्रह हा केवळ सोन्यानाण्याचा नसतो. जी माहिती आपणांस लागत नाही ती न साठविणे हाही अपरिग्रहच.

घंटा कधी वाजवावी

वही स्वच्छ झाली तरी मध्यरात्री कोणी ती वाचीत नसते. म्हणून काही ओळींवर दूरध्वनी वाजला पाहिजे. येथेही गोंगाटाचे भय आहेच. अमेरिकेतील ‘टार्गेट’ या दुकानसाखळीत २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात चोरांनी शिरून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती नेली. तिच्या संरक्षक यंत्रणेने वेळेवर इशारा दिला होता. वृत्तपत्रांत आले त्याप्रमाणे बेंगळुरू येथील देखरेख-पथकाने तो पाहून मुख्यालयास कळविलाही होता. परंतु रोज येणाऱ्या इशाऱ्यांच्या गर्दीत त्यावर वेळीच कृती झाली नाही. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. यंत्राला मात्र ती सांगावयास विसरतो.

आमचा नियम साधा आहे. ज्या इशाऱ्यावर कोणी उठून काही करावयाचे नाही, तो इशाराच नव्हे. प्रत्येक इशाऱ्यापुढे तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात : कोणी उठावे, काय करावे, किती वेळात. एकेका दोषावर घंटा न वाजविता, पाच मिनिटांतील पोचांपैकी शंभरी दोनांहून अधिक नाकारल्या गेल्या तरच वाजवावी. परंतु रात्री पोचा थोड्या असतात, तेव्हा लागोपाठ तीन नाकारल्या तरी वाजवावी. आणि यंत्राच्या तक्रारीबरोबर व्यापाराची नाडीही पाहावी. बाजाराच्या वेळी अर्ध्या तासात एकही मागणी आली नाही, तर लॉगमध्ये एकही दोष नसला तरी काहीतरी मोडले आहे असेच समजावे.

रोजचे प्रतिक्रमण

शेवटी, हे सर्व एकदा करून सुटका होत नाही. ॲप बदलते, नवा कारागीर येतो, नव्या ओळी शिरतात. म्हणून आम्ही पेढीवर एक रीत पाडली आहे. सायंकाळी दुकान आवरल्यावर दहा मिनिटे त्या दिवसाची वही उघडावयाची. ज्या प्रकारच्या ओळी सर्वांत अधिक, त्यांपुढे बसून ‘या महिन्यात या ओळीमुळे आपण काही केले काय?’ असे विचारावयाचे. केले नसेल तर ती कोठारात पाठवावयाची किंवा बंद करावयाची. आणि दोषाच्या प्रत्येक ओळीपुढे, तिचे काय केले, हे लिहिल्याशिवाय उठावयाचे नाही. दिवसभरातील चुकांचा सायंकाळी विचार करून त्यांपासून परत फिरणे, हे आपल्या घरांत प्रतिक्रमणाच्या रूपाने चालत आलेलेच आहे. पेढीच्या यंत्रालाही त्याचा थोडा लाभ व्हावा.

त्या वर्षी ज्यांचा दूरध्वनी आला ते वृद्ध दुकानदार आजही आमच्याकडूनच माल घेतात. त्यांनी आम्हांस दोष दिला नाही, फक्त एवढेच म्हणाले की, “तुमच्या वहीत आमचे नाव तर होते ना?” होते. पहिल्याच दिवसापासून होते. ते वाचता येईल अशी वही राखणे हे आता आमचे व्रत आहे, आणि प्रत्येक सभासद बंधूने नव्या वर्षाच्या वहीपूजनासमयी आपल्या या अदृश्य वहीचीही एकवार तेरीज घ्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे.

जय जिनेंद्र.